मुंगी वसाहत अल्गोरिदम

मुंगी वसाहत अल्गोरिदम ही असंख्य पर्यायांतून पुरेसा चांगला पर्याय शोधून काढण्याची संगणकीय पद्धत आहे. अन्नाच्या शोधार्थ बाहेर पडलेल्या मुंग्या वारुळापासून अन्नापर्यंतची जवळची वाट कशी निवडतात, या निरीक्षणावर ती बेतलेली आहे. इटालियन संशोधक मार्को डोरिगो यांनी मिलान येथील तंत्रविद्यापीठात १९९२ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात तिचे पहिले सविस्तर विवेचन आढळते. मुंग्या, वाळवी, मधमाश्या यांसारख्या समाजशील कीटकांच्या सामूहिक वर्तनावरून घेतलेल्या संगणकीय पद्धतींना 'समूह बुद्धिमत्ता' असे व्यापक नाव आहे. त्या कुळातील ही सर्वाधिक अभ्यासली गेलेल्या पद्धतींपैकी एक होय.

या पद्धतीत संगणकाच्या स्मृतीत अनेक 'कृत्रिम मुंग्या' कल्पिल्या जातात. प्रत्येक मुंगी दिलेल्या प्रश्नाचे एक उत्तर रचते आणि उत्तर जितके चांगले, तितकी ठळक खूण मागे ठेवते. पुढच्या मुंग्या त्या खुणांकडे झुकतात. त्याच वेळी सर्व खुणा ठरावीक वेगाने पुसल्या जात असतात. खूण उमटणे आणि खूण पुसली जाणे या दोन क्रियांच्या ताणातून उत्तर घडत जाते. यांपैकी दुसऱ्या क्रियेकडे सहसा दुर्लक्ष होते; पद्धतीचे यशापयश मात्र बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असते.

जैविक पार्श्वभूमी

मुंग्यांच्या रांगेला कोणी पुढारी नसतो. राणी मुंगी आज्ञा देते आणि कामकरी मुंग्या ती पाळतात, हा समज चुकीचा आहे; राणीचे काम अंडी घालण्याचे. अन्न सापडलेली कामकरी मुंगी परतताना जमिनीवर फेरोमोन नावाच्या गंधद्रव्याचे अंश सोडत येते. तो गंध ज्या मुंगीला लागतो, ती त्या दिशेने जाण्याची शक्यता वाढते. तिलाही अन्न सापडले तर ती आणखी गंध सोडते आणि वाट अधिक ठळक होते. साखरेच्या डब्याकडे चाललेल्या रांगेत मध्येच ओले फडके फिरवले की मुंग्या क्षणभर घुटमळतात, तेथेच गोल फिरतात आणि काही वेळाने रांग पुन्हा जुळते. फडक्याने मुंग्यांना अडवलेले नसते, केवळ जमिनीवरचा मजकूर पुसलेला असतो.

एकाने परिसरात केलेला बदल हाच दुसऱ्यासाठी निरोप ठरावा, या प्रकारच्या अप्रत्यक्ष संपर्काला 'स्टिग्मर्जी' म्हणतात. खूण आणि कार्य या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून ही संज्ञा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये घडवली. ग्रासे यांचा अभ्यास वाळवीच्या घरबांधणीचा होता. वाळवीचा एक कीटक मातीचा गोळा ठेवतो. तो गोळाच दुसऱ्या कीटकाला शेजारी गोळा ठेवण्यास उद्युक्त करतो. अशा रीतीने आराखडा कोणाच्याही मनात नसताना खांब आणि कमानी उभ्या राहतात.

जोडपुलाचा प्रयोग

या अल्गोरिदमचे मूळ एका साध्या प्रयोगात आहे. ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठातील झां-लुई दनबूर, सायमन गॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिनी मुंग्यांच्या वसाहतीवर तो केला. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दुफाट्याचा एक पूल ठेवला होता. मुंग्यांनी कोणत्या फाट्याने जायचे, एवढाच प्रश्न होता.

प्रथम दोन्ही फाटे सारख्या लांबीचे ठेवले. आरंभी मुंग्या दोहोंवर साधारण सारख्याच विखुरल्या. परंतु थोड्याच वेळात बहुतेक सर्व मुंग्या एकाच फाट्यावर गोळा झाल्या. प्रयोग पुन्हा केल्यास कधी डावा फाटा जिंकतो, कधी उजवा. योगायोगाने एका फाट्यावर चार मुंग्या जास्त गेल्या की तेथे गंध किंचित वाढतो, त्यामुळे आणखी मुंग्या येतात आणि मूळचा क्षुल्लक फरक वाढत जातो.

नंतर एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब केला. आता बहुतेक प्रयोगांत आखूड फाटाच निवडला गेला. कोणत्याही मुंगीने दोन्ही वाटा मोजल्या नव्हत्या. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर पोचल्या व लवकर परतल्या, म्हणून त्या वाटेवरचा गंध आधी साचला. तुलना झाली ती वेळेमुळे आपोआप.

दनबूर यांनी मुंगीच्या निवडीसाठी एक सूत्र सुचवले. एखाद्या फाट्यावरून आतापर्यंत जितक्या मुंग्या गेल्या, त्या संख्येत एक स्थिरांक मिळवून बेरजेचा घात घ्यावयाचा. दोन फाट्यांच्या या किमतींच्या प्रमाणात निवडीची संभाव्यता ठरते. प्रयोगांशी जुळणारा स्थिरांक सुमारे २० आणि घातांक सुमारे २ आढळला. या सूत्रानुसार एका फाट्यावरून ५ आणि दुसऱ्यावरून ३ मुंग्या गेल्या असतील, तर पुढच्या मुंगीने पहिला फाटा निवडण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के, म्हणजे जवळपास नाणेफेकच. हेच आकडे १०० आणि ५० झाले की शक्यता सुमारे ७५ टक्क्यांवर जाते. आरंभी मोकळीक आणि पुढे वाढता कल, हे या सूत्राचे वैशिष्ट्य पुढे संगणकीय पद्धतीतही उतरले.

प्रयोगाचा तिसरा भाग पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितला जातो. वास्तविक तोच सर्वांत बोधक आहे. आरंभी केवळ लांब फाटा ठेवला आणि सुमारे ३० मिनिटांनंतर आखूड फाटा जोडून दिला. बहुसंख्य मुंग्या जुन्या, लांब वाटेनेच जात राहिल्या. लांब वाटेवरचा गंध इतका दाट झाला होता आणि तो इतका सावकाश विरत होता, की नव्या वाटेला संधीच मिळाली नाही. मुंग्या नेहमी सर्वांत जवळची वाट शोधतात, हे सर्रास केले जाणारे विधान म्हणूनच जपून करावयास हवे. सर्व जातींच्या मुंग्या सारख्या नसतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. युरोपात बागांतून आढळणारी काळी मुंगी आपण भलत्या दिशेने चाललो आहोत हे ओळखून मध्येच माघारी वळते, त्यामुळे तिची वसाहत उशिरा मिळालेली आखूड वाटही स्वीकारू शकते, असे याच गटाने १९९२ मध्ये दाखवले.

गंधावरचा आंधळा विश्वास कोठवर जाऊ शकतो, याचे टोकाचे उदाहरण लष्करी मुंग्यांत मिळते. या मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात. मूळ रांगेपासून तुटलेला जथा कधी स्वतःच्याच मागावर येतो आणि वर्तुळात फिरू लागतो. पुष्कळ मुंग्या थकून मरेपर्यंत हे चक्र चालते. अमेरिकन संशोधक थिओडोर श्नायर्ला यांनी १९४४ मध्ये अशा एका चक्राचे वर्णन प्रसिद्ध केले.

फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न

डोरिगो यांनी आपली पद्धत प्रथम ज्या प्रश्नावर तपासली तो 'फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न' म्हणून गणितात प्रसिद्ध आहे. विक्रेत्याला दिलेल्या प्रत्येक शहरात एकदाच जाऊन मूळ ठिकाणी परतावयाचे आहे. एकूण प्रवास कमीत कमी कसा होईल? प्रश्न मुलालाही कळेल असा आहे, पण शहरे वाढू लागली की पर्यायांचा डोंगर होतो. ५ शहरांसाठी वेगवेगळ्या फेऱ्या १२ आहेत, १० शहरांसाठी १,८१,४४० आणि २० शहरांसाठी सहा कोटी अब्जांहून अधिक. प्रत्येक फेरी तपासून पाहणे लवकरच अशक्य होते. टपालवाटप, कारखान्यातील कामांचा क्रम, विद्युतमंडलाच्या पट्टीवर छिद्रे पाडणाऱ्या यंत्राची हालचाल असे अनेक व्यवहारातले प्रश्न याच जातीचे आहेत.

कृत्रिम मुंगीचे कार्य

डोरिगो यांनी अल्बेर्तो कोलोर्नी आणि व्हित्तोरियो मानिएत्सो यांच्यासह १९९१ मध्ये मांडलेल्या मूळ रूपाला 'मुंगी प्रणाली' म्हणतात. तिचा सविस्तर शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

तीत प्रत्येक मुंगी एका शहरापासून निघते आणि न पाहिलेल्या शहरांपैकी पुढचे शहर निवडते. निवड करताना ती दोन गोष्टी पाहते: त्या रस्त्यावर साचलेली खूण आणि त्या रस्त्याची लांबी. खूण हा समूहाचा अनुभव, तर लांबी ही डोळ्यांसमोरची माहिती. दोहोंना किती वजन द्यावयाचे हे दोन घातांकांनी ठरते.

एका लहान उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मुंगी 'क' शहरात असून तिच्यापुढे 'ख', 'ग' आणि 'घ' ही तीन शहरे आहेत. 'ख' २ किलोमीटरवर, 'ग' आणि 'घ' प्रत्येकी ४ किलोमीटरवर. तिन्ही रस्त्यांवर खूण सारखी, १ एकक, आहे. खुणेचा घातांक १ आणि जवळिकीचा घातांक २ घेतला, तर तिन्ही रस्त्यांची पात्रता अनुक्रमे १/४, १/१६ आणि १/१६, म्हणजे ४ : १ : १ या प्रमाणात येते. 'ख' निवडले जाण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के, उरलेल्या दोहोंची सुमारे १७ टक्के प्रत्येकी. आता काही फेऱ्यांनंतर असे आढळले, की 'ग'मार्गे गेलेल्या मुंग्यांचा एकूण प्रवास कमी भरतो आणि 'ग'च्या रस्त्यावरची खूण ४ एकक झाली. प्रमाण ४ : ४ : १ होते, 'ख' आणि 'ग' यांना प्रत्येकी सुमारे ४४ टक्के संधी मिळते. जवळचे शहर आधी गाठण्याचा मोह सुटावा आणि संपूर्ण फेरीचा हिशेब पुढे यावा, हे काम खूण करते. 'घ'ची शक्यता ११ टक्क्यांवर घसरली, पण शून्य झाली नाही. तीही वाट अधूनमधून चाचपली जाईल.

सर्व मुंग्यांच्या फेऱ्या पूर्ण झाल्या की खुणा अद्ययावत केल्या जातात. ज्या मुंगीची फेरी आखूड, तिने वापरलेल्या रस्त्यांवर जास्त खूण. लांब फेरीला कमी. हे चक्र शेकडो वेळा फिरवले जाते आणि आतापर्यंतची सर्वांत आखूड फेरी जपून ठेवली जाते.

कृत्रिम मुंगी ही खऱ्या मुंगीची हुबेहूब नक्कल नाही. पाहिलेल्या शहरांची यादी तिच्याजवळ असते, रस्त्याची लांबी तिला आधीच ठाऊक असते आणि फेरी पुरी झाल्यावर ती उत्तराच्या गुणवत्तेच्या प्रमाणात खूण सोडते. खऱ्या मुंगीला अशा सोयी नाहीत. तरीही खुणांमार्फत होणारा अप्रत्यक्ष संपर्क हा गाभा दोहोंत समान आहे.

खुणांचे बाष्पीभवन

प्रत्येक चक्राच्या अखेरीस सर्व रस्त्यांवरील खूण ठरावीक अंशाने कमी केली जाते. फेरोमोन हवेत उडून जाते, म्हणून या क्रियेला बाष्पीभवन हे नाव मिळाले. जोडपुलाच्या तिसऱ्या प्रयोगात मुंग्या जेथे फसल्या, तेथे संगणकातील मुंग्या फसू नयेत यासाठी हा वेग निसर्गातल्यापेक्षा बराच जास्त ठेवला जातो.

१९९६ च्या शोधनिबंधात चांगला ठरलेला दर ०.५ होता, म्हणजे दर चक्रात निम्मी खूण नाहीशी. या दराने, पुन्हा न वापरलेल्या रस्त्यावरची खूण १० चक्रांत १,०२४ पटींनी क्षीण होते. दर ०.१ ठेवला तर तेवढ्याच चक्रांनंतर सुमारे ३५ टक्के खूण शिल्लक राहते. दर फार कमी असल्यास आरंभीच्या चुका ठाण मांडून बसतात. सर्व मुंग्या एकाच सामान्य फेरीवर फिरत राहतात आणि शोध गोठतो. दर फार जास्त असल्यास अनुभव साठण्यापूर्वीच पुसला जातो आणि शोध निव्वळ नशिबावर येतो. सर्व प्रश्नांना चालेल असा एकच दर नाही; तो प्रश्नागणिक अजमावून ठरवावा लागतो. ही या पद्धतीची खरी अडचण आहे.

सुधारित रूपे

मूळ मुंगी प्रणाली लहान प्रश्नांवर समाधानकारक ठरली, परंतु शहरांची संख्या वाढताच मागे पडू लागली. पुढील सुधारणांचा रोख, थोडक्यात सांगावयाचे तर, शोध गोठू न देण्याकडे होता.

डोरिगो आणि लुका मारिया गाम्बार्देला यांनी १९९७ मध्ये 'मुंगी वसाहत प्रणाली' मांडली. तीत मुंगी बहुतांश वेळा सर्वाधिक पात्र रस्ताच घेते आणि केवळ सर्वोत्तम फेरीवर खूण वाढवली जाते. त्याचबरोबर एक उफराटा वाटणारा नियमही आहे: मुंगी ज्या रस्त्यावरून जाते त्यावरची खूण ती थोडी कमी करते, जेणेकरून मागून येणाऱ्या मुंगीने दुसरा रस्ता पाहावा. थॉमस श्ट्युत्सल आणि होल्गर होस यांच्या 'कमाल-किमान मुंगी प्रणाली'त प्रत्येक रस्त्यावरच्या खुणेला वरची आणि खालची मर्यादा घातलेली असते. त्यामुळे कोणतीही वाट पूर्णपणे विसरली जात नाही आणि कोणतीही अवाजवी शिरजोर होत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेले हे रूप आजही तुलनेसाठी प्रमाण मानले जाते.

त्याच वर्षी वॉल्टर गुटयार यांनी पद्धतीच्या एका रूपासाठी गणिती सिद्धता दिली: योग्य परिस्थितीत ती हव्या तितक्या खात्रीने सर्वोत्तम उत्तरापर्यंत पोचते. त्यासाठी किती वेळ लागेल हे मात्र या सिद्धतेतून कळत नाही, त्यामुळे व्यवहारात तिचा आधार मर्यादित आहे.

दूरसंचार जाळ्यांतील उपयोग

ज्या प्रश्नांचे स्वरूप क्षणोक्षणी बदलते, तेथे खुणा पुसल्या जाण्याचा गुण विशेष उपयोगी पडतो. रूड स्खूनडरवुर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास ब्रिटिश टेलिकॉमच्या ३० केंद्रांच्या जाळ्याची संगणकीय प्रतिकृती घेऊन तीत दूरध्वनी संभाषणांची वाट ठरवण्यासाठी मुंग्या सोडल्या. गर्दी असलेल्या केंद्रावर मुंगीला मुद्दाम थांबवले जाई. उशिरा पोचलेल्या मुंगीची खूण फिकी धरली जात असे. त्यामुळे नवी संभाषणे गर्दी टाळून वळू लागली.

जान्नी दी कारो आणि डोरिगो यांच्या १९९८ च्या 'अँटनेट' या पद्धतीत मुंग्या दोन प्रकारच्या आहेत. पुढे जाणारी मुंगी वाटेतील केंद्रे व लागलेला वेळ टिपत जाते. गंतव्यस्थानी पोचल्यावर मागे येणारी मुंगी त्याच वाटेने परतत प्रत्येक केंद्रातील नोंदी सुधारते. संगणकीय चाचण्यांत अँटनेटने तत्कालीन प्रचलित पद्धतींशी चांगली बरोबरी केली. इंटरनेटवरील प्रत्यक्ष मार्गनिश्चिती मात्र आजही अन्य नियमांनी चालते.

मालवाहू वाहनांचे मार्ग आखणे, कामांचे वेळापत्रक बसवणे, प्रथिनांच्या घड्यांचा अंदाज घेणे या कामांसाठीही पद्धतीची रूपे तयार झाली आहेत.

मधमाश्यांवर आधारित पद्धती

मधमाशी जमिनीवर खूण ठेवत नाही. फुलोरा सापडलेली माशी पोळ्यात परतून नाच करते आणि नाचाच्या दिशेवरून व कालावधीवरून इतर माश्यांना दिशा आणि अंतर कळते. ही नृत्यभाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश १९७३ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांपैकी एक होते. सुनील नाक्रानी आणि क्रेग टोव्ही यांनी २००४ मध्ये या वर्तनावरून संकेतस्थळे पुरवणाऱ्या संगणकांची कामे वाटून देण्याची पद्धत सुचवली, तर तुर्कस्तानातील देर्विश काराबोगा यांनी २००५ मध्ये 'कृत्रिम मधमाशी वसाहत' हा अल्गोरिदम मांडला. त्यात एखाद्या उत्तरात बराच काळ सुधारणा झाली नाही तर ते सोडून देऊन माशी नव्या शोधाला निघते. म्हणजे विसरण्याची तरतूद येथेही आहे, केवळ तिचे रूप निराळे.

मर्यादा आणि टीका

ज्या प्रश्नावर या पद्धतीचा जन्म झाला, त्या प्रश्नावर ती सर्वोत्तम नाही. फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नासाठी लिन आणि कर्निगन यांच्या रीतीवर आधारलेले कार्यक्रम मुंग्यांपेक्षा वेगाने अधिक चांगली उत्तरे देतात. शिवाय ८५,९०० बिंदूंच्या एका प्रश्नाचे निर्विवाद सर्वोत्तम उत्तर विल्यम कुक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'कॉनकॉर्ड' या संगणकीय कार्यक्रमाने सिद्ध केले. तेथे मुंग्यांचा संबंध नव्हता. मुंगी वसाहत अल्गोरिदम सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही आणि मिळालेले उत्तर सर्वोत्तमापासून किती दूर आहे हेही सांगत नाही. उत्तम निकालांसाठी प्रत्येक मुंगीचे उत्तर स्थानिक दुरुस्तीच्या दुसऱ्या रीतीने सुधारून घ्यावे लागते. अशा जोडकामात श्रेय कोणाचे किती, हे ठरवणे सोपे नसते.

दुसरा आक्षेप अधिक तीव्र आहे. मुंग्या आणि मधमाश्या यांच्या यशानंतर काजवे, कोकीळ, लांडगे, वटवाघळे अशा नाना प्राण्यांच्या नावाने अल्गोरिदम निघाले. बेल्जियममधील केनेथ सोरेन्सेन यांनी २०१५ च्या लेखात दाखवून दिले, की यांपैकी पुष्कळांत नवी कल्पना नसून जुन्याच रीतींना नवा वेश चढवलेला असतो. ही टीका रास्त आहे. मुंगी वसाहत अल्गोरिदम तीतून बऱ्याच अंशी वाचतो, कारण त्यातील खूण आणि बाष्पीभवन या कल्पना प्राण्यांची नावे काढून टाकली तरी गणिताच्या भाषेत जशाच्या तशा उभ्या राहतात.

मुंग्या आणि इंटरनेट

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात बिया गोळा करणाऱ्या मुंग्यांची एक जात राहते. बिया विखुरलेल्या असल्याने तेथे गंधाच्या वाटेचा उपयोग होत नाही. वारुळाच्या तोंडाशी थांबलेल्या मुंग्या बाहेर पडतात त्या, बी घेऊन परतणाऱ्या मुंग्या किती झपाट्याने येत आहेत त्यावरून. परतणाऱ्यांचा ओघ मंदावला की बाहेर पडणेही मंदावते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ डेबोरा गॉर्डन यांनी त्याच विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ बालाजी प्रभाकर आणि कॅटी डेक्टर यांच्यासह २०१२ मध्ये या वर्तनाचे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. पाठवलेली माहिती पोचल्याच्या पावत्या किती वेगाने परत येतात ते पाहून पुढची माहिती सोडण्याचा वेग ठरवणारा इंटरनेटवरील नियम आणि या मुंग्यांचा नियम यांत त्यांना ठळक साम्य आढळले. इंटरनेटवरील तो नियम १९७० आणि १९८० च्या दशकांत अभियंत्यांनी मुंग्यांकडे न पाहताच तयार केला होता.